सम्यक स्मृती आणि आपले रोजचे जीवन

भगवान बुद्धांनी सांगितलेल्या आर्य अष्टांगिक मार्गाचे सातवे अंग म्हणजे सम्यक स्मृती. येथे स्मृती म्हणजे केवळ आठवण नव्हे, तर सजगता. या क्षणी आपल्या शरीरात व मनात काय चालले आहे याचे भान. दीघ निकायातील महासतिपट्ठान सुत्तात तिचे चार आधार दिले आहेत : काया, वेदना, चित्त आणि धम्म.

प्रतीत्यसमुत्पादाच्या साखळीत स्पर्शातून वेदना व वेदनेतून तृष्णा उत्पन्न होते. कानावर शब्द पडला, हा स्पर्श. तो बोचला, ही वेदना. 'हे नको, याला गप्प करावे' ही ओढ म्हणजे तृष्णा. वेदना टाळणे आपल्या हाती नसते. पण भान असेल तर पुढची कडी तोडता येते.

मी बँकेत काउंटरवर काम करतो. एका पेन्शनच्या दिवशी गर्दीत एका म्हाताऱ्या बाईंनी तीनदा विचारले, "साहेब, माझे पैसे आले का?" तिसऱ्यांदा मी खेकसलो. त्या निमूटपणे बाजूला झाल्या. माझ्या निरक्षर वडिलांवरही कोणी असेच खेकसले असेल, या विचाराने माझी मान खाली गेली. बोलण्यापूर्वी छाती आवळली होती, कान तापले होते. माझेच लक्ष नव्हते. आता असे झाले की मी दोन श्वास पाहतो, मग बोलतो. दर वेळी जमतेच असे नाही.

विद्यार्थी मित्रांनो, राग ही एकच सवय नाही. 'इंग्रजी आपल्याला जमणार नाही' हे वाक्यही लहानपणापासून ऐकून आपोआप मनात उमटते. ते उमटताच 'हा एक विचार आहे' एवढे ओळखा आणि पुस्तक उघडा.

सजगता म्हणजे अन्याय गिळणे, असे मात्र कोणी समजू नये. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर पाणी प्राशन केल्यानंतर आपल्या लोकांवर हल्ला झाला. प्रतिकारास सज्ज झालेल्या अनुयायांना बाबासाहेबांनी आवरले; पण लढा सोडला नाही. १९३७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल आपल्या बाजूने लागला.

रोज वंदनेनंतर दहा मिनिटे श्वासाकडे लक्ष द्यावे. रात्री वहीत एक ओळ लिहावी : आज भान कोठे सुटले? ही वही कोणाला दाखवायची नाही. फक्त तिच्यात स्वतःशी खोटे लिहायचे नाही, एवढाच नियम.

जय भीम!