बोईसरच्या लोकलसाठी पॉडकास्टचं ॲप

पालघर-बोईसरच्या माणसाने पॉडकास्टचं ॲप निवडताना प्ले स्टोअरवरचे तारे मोजत बसू नये. तारे देणाऱ्याच्या घरी बहुधा वायफाय असतं आणि कामाच्या वाटेवर पूर्ण रेंज. आपली गाडी विरार सोडते ती वैतरणेच्या खाडीवर, मग मिठागरं, सफाळ्याचे डोंगर, केळव्याच्या वाड्या. १६ एप्रिल २०१३ ला डहाणूपर्यंत लोकल आली तेव्हापासून विरार ते डहाणू रोड हा सुमारे ६४ किलोमीटरचा पट्टा रोज ये-जा करणाऱ्यांचा झाला. पण दोन गाड्यांमधलं अंतर अंधेरी-बोरिवलीसारखं नाही. एक चुकली की फलाटावर ताटकळणं आलंच. म्हणजे ऐकायला वेळ आहे, भरवसा नाही तो नेटचा. म्हणून नेट बंद असताना ॲप नीट चालतं का, हे सगळ्यात आधी बघायचं. रंगरूप, शिफारशी, लोक काय ऐकतात त्याच्या याद्या, हे सगळं त्याच्या मागून.

सुरुवात मोबाईलने नको, कागदाने करा. काय ऐकायचं आहे त्याची नावं लिहा. नुसतं ‘पॉडकास्ट ऐकायचा आहे’ म्हणून ॲप घेतलं की आठवड्याभरात ते फोनच्या तिसऱ्या पानावर जाऊन पडतं. ‘अमुक तमुक’, ‘व्हायफळ’, ‘मित्रम्हणे’, बीबीसी मराठीचं ‘गोष्ट दुनियेची’ अशी चार-पाच नावं पुरेत. हिंदी-इंग्रजीतलं काही ऐकत असाल तर तेही त्याच यादीत. प्रत्येक नावापुढे दोन गोष्टी टिपा. एपिसोड साधारण किती लांबीचा असतो, आणि तुम्ही तो कुठे ऐकणार. लोकलमध्ये, कंपनीच्या बसमध्ये, स्वयंपाक करताना, की रात्री झोपण्यापूर्वी.

ही दुसरी नोंद तारापूर एमआयडीसीत काम करणाऱ्यांनी जरा विचार करून करावी. ज्वालाग्राही रसायनं हाताळली जातात तिथे साधा मोबाईल आत नेऊ देत नाहीत, आणि ते योग्यच आहे. मग ऐकायला उरतो तो बसचा नाहीतर गाडीचा वेळ. स्टेशन ते कंपनी हा तुकडा छोटा, आणि मराठी मुलाखती हल्ली तास-दीड तासाच्या. एकच मुलाखत तीन दिवस चालणार. त्यामुळे ‘कुठे थांबलो होतो’ हे मिनिट-सेकंदासकट लक्षात ठेवणारं ॲप या माणसाला हवं. बहुतेक ॲप ते करतात. पण मध्येच फोन आला, किंवा दिवसभर मोबाईल बंद राहिला, की काहींचा काटा पुन्हा शून्यावर येतो. हे जाहिरातीतून कळत नाही, वापरूनच कळतं.

आता यादीतलं प्रत्येक नाव कुठे मिळतं ते शोधा. निवडीतलं सगळ्यात महत्त्वाचं काम हेच, आणि नेमकं हेच कुणी करत नाही. पॉडकास्ट म्हणजे मुळात एक ध्वनिफीत आणि तिचा एक खुला पत्ता. त्या पत्त्याला आरएसएस फीड म्हणतात. ज्याने असा पत्ता प्रसिद्ध केला आहे त्याचा कार्यक्रम कुठल्याही पॉडकास्ट ॲपमध्ये येऊ शकतो, कारण सगळी ॲप एकाच ठिकाणाहून फाइल उचलतात. पण ज्याने फक्त यूट्यूबवर चित्रफीत टाकली आहे, किंवा एकाच कंपनीशी करार केला आहे, त्याला दुसऱ्या ॲपमध्ये शोधून उपयोग नाही. मराठीत हा प्रश्न जास्त येतो. आपल्याकडे पॉडकास्ट म्हटलं की सोफा, दोन माइक आणि तीन कॅमेरे असंच चित्र झालं आहे.

शोधताना नाव दोनदा टाका, एकदा देवनागरीत आणि एकदा रोमन अक्षरांत. अनेकांनी मराठी कार्यक्रमाची नोंद रोमन अक्षरांतच केलेली असते आणि देवनागरीत टाकलं की ॲप हात वर करतं. सापडला की लगेच खूश होऊ नका, शेवटच्या एपिसोडची तारीख बघा. कधीकधी यूट्यूबवर कार्यक्रम जोरात चालू असतो आणि ऑडिओ फीड कधीचं थांबलेलं असतं. एकाच नावाचे दोन कार्यक्रम दिसले तर बनवणाऱ्याचं नाव जुळवून बघा.

यादीतली बहुतेक नावं फक्त यूट्यूबवरच निघाली, तर वेगळ्या पॉडकास्ट ॲपच्या नादी लागू नये हे माझं सरळ मत. यूट्यूबच्या साध्या ॲपमध्ये पैसे न भरता स्क्रीन बंद केली की आवाज बंद होतो. यूट्यूब म्युझिकमध्ये मात्र चॅनेलने जे ‘पॉडकास्ट’ म्हणून नोंदवलं आहे ते पैसे न देताही स्क्रीन बंद ठेवून ऐकता येतं. तेवढ्यावर काम भागतं का ते आधी बघा. पण नेट बंद असताना तिथे ऐकता येतं का, हेही तपासा.

नेटचा हिशोब एकदा मांडून ठेवावा, म्हणजे घरात वाद होत नाहीत. १२८ केबीपीएसचा ऑडिओ तासाला सुमारे ५८ एमबी खातो, आणि ६४ केबीपीएसचा त्याच्या निम्मे, २९ एमबी. बोलण्यासाठी ६४ पुरतो. तीच मुलाखत चित्रासकट बघितली तर तासाला काहीशे एमबी जातात. बोईसर ते चर्चगेट जाऊन-येऊन कुणी रोज चार तास ऐकत असेल, तर १२८ केबीपीएसच्या ऑडिओचेही सुमारे २३० एमबी होतात. रोजच्या दीड जीबीच्या पॅकमध्ये ते सहज बसतं. चित्राचं गणित मात्र घरी परतेपर्यंत पॅक संपवतं आणि रात्री मुलं नेट मागायला येतात.

मग ॲपकडे वळा. दोनच निवडा, दोन्ही फोनवर घ्या, आणि आठवडाभर शेजारी शेजारी चालवा.

अँड्रॉइड फोन असेल तर पहिलं नाव मी ‘अँटेनापॉड’चं घेईन. मोफत आहे, जाहिराती नाहीत, खातं उघडावं लागत नाही, आणि स्वयंसेवकांनी बनवलेलं खुलं सॉफ्टवेअर आहे. फीडचा पत्ता हाताने टाकता येतो. फोनमधलं एखादं फोल्डरही त्याला जोडता येतं, म्हणजे गावातल्या कीर्तनाचं रेकॉर्डिंग किंवा आजीने सांगितलेल्या गोष्टी त्यात घालून एपिसोडसारख्या ऐकता येतात. ही सोय मला फार आवडते. त्याचं रूप जरा कोरडं आहे, आणि पुढे काय ऐकावं हे ते सुचवत बसत नाही. मला तरी तो गुण वाटतो. ‘पॉकेट कास्ट्स’ दिसायला जास्त नेटकं आहे आणि अँड्रॉइड-आयफोन दोन्हींवर चालतं, त्यामुळे घरात दोन्ही प्रकारचे फोन असतील तर सोयीचं. ‘पॉडकास्ट ॲडिक्ट’ अँड्रॉइडवरच, जाहिरातींसह मोफत, आणि त्यात सेटिंगची इतकी बटणं आहेत की ज्याला खटपट आवडते त्यालाच ते द्यावं. आयफोनवाल्यांकडे ‘ॲपल पॉडकास्ट्स’ आधीच असतं. त्याच्या जोडीला ‘ओव्हरकास्ट’ घेऊन बघावं.

गाण्यांसाठी स्पॉटिफाय आधीच फोनवर असेल तर नवं काही घेण्याआधी तेच तपासा. त्यात मोफत खात्यावर गाणी डाउनलोड होत नाहीत, पण पॉडकास्टचे एपिसोड होतात. हे कित्येकांना माहीतच नसतं आणि ते उगाच पैसे भरतात. उणीव अशी की बाहेरच्या फीडचा पत्ता त्यात टाकता येत नाही आणि तुमची यादी फाइल करून बाहेर काढता येत नाही. आकाशवाणीसाठी प्रसारभारतीचं ‘न्यूज ऑन एअर’ आहे, पण थेट प्रक्षेपण ऐकायला रेंज लागते. ते घरी चालवा, गाडीत नको.

ॲप घेतलं की ऐकायच्या आधी सेटिंग लावून घ्यायची. डाउनलोड फक्त वायफायवर ठेवा. घरी वायफाय नसेल तर मोबाईल डेटावर परवानगी द्या, पण आपोआप डाउनलोड बंद करून रात्री हाताने करा. प्रत्येक कार्यक्रमाचे शेवटचे दोन-तीनच एपिसोड ठेवायचे आणि ऐकून झालेला आपोआप पुसायचा. नाहीतर ३२ जीबीचा फोन गुड मॉर्निंगचे फोटो आणि न ऐकलेल्या मुलाखती यांनीच भरून जातो. पुढे उडी मारण्याचं बटण ३० सेकंदांवर ठेवलं की जाहिरातींतून लवकर सुटता येतं. सूचना बंद. वेग सुरुवातीला १.२ च्या वर नको, मराठी निवेदक आधीच भरभर बोलतात.

एक सेटिंग ॲपमध्ये नसून फोनमध्ये असते. शाओमी, विवो, ओप्पो यांसारखे फोन बॅटरी वाचवण्यासाठी मागे चालणारी ॲप स्वतःहून बंद करतात. स्क्रीन बंद झाल्यावर दहा मिनिटांनी आवाज गेला तर दोष बहुधा ॲपचा नसतो. फोनच्या सेटिंगमध्ये त्या ॲपच्या माहितीत जाऊन बॅटरीचं बंधन काढून टाका. फोनप्रमाणे जागा बदलते, पण ‘बॅटरी’ या शब्दाखाली ते सापडतंच.

आता परीक्षा गाडीत घ्यायची. आदल्या रात्री दोन्ही ॲपमध्ये तोच एपिसोड डाउनलोड करा. विरारला गाडीत बसल्यावर फोन विमान मोडवर टाका आणि ब्लूटूथ हेडफोन असेल तर तेवढं पुन्हा चालू करा. सफाळ्यापर्यंत एक ॲप, तिथून पालघरपर्यंत दुसरं. हे बघा: नेट नसताना ॲप उघडतं का, की आधी कोरं पान दाखवून गोल फिरत राहतं? डाउनलोड केलेले एपिसोड दोन टिचक्यांत सापडतात का? कुलूप लावलेल्या स्क्रीनवरून थांबवता येतं का? हेडफोन काढला की आवाज आपोआप थांबतो, की सगळ्या डब्याला ऐकू जातो? ॲप पूर्ण बंद करून पुन्हा उघडा, त्याच जागी सुरू होतं का पाहा. पालघरला विमान मोड काढा आणि कुणाला तरी मिस कॉल द्यायला सांगा. कॉल संपल्यावर ॲपने दोन-चार सेकंद मागे जाऊन सुरू केलं तर त्याला एक गुण जास्त.

गर्दीच्या गाडीत आवाजाचीही परीक्षा होते. डब्यात भजनी मंडळ असेल तर टाळ-मृदंगापुढे कुठल्याच मुलाखतीचं काही चालत नाही, तेव्हा हेडफोन काढून भजनच ऐकावं. एरवी बोलण्याचा आवाज उंचावण्याची सोय उपयोगी पडते. पॉकेट कास्ट्समध्ये आणि ओव्हरकास्टमध्ये ती आहे. दोन्ही कान मात्र बंद करू नयेत. पुढची गाडी कुठल्या फलाटावर येणार याची उद्घोषणा ऐकू यायला हवी, आणि स्टेशनात उतरल्यावर तर हेडफोन खिशातच.

जव्हार-मोखाड्याकडे जाणाऱ्या शिक्षकांना आणि आरोग्यसेवकांना विमान मोडची परीक्षा वेगळी घ्यायला नको. विक्रमगड सोडून घाट लागला की फोन स्वतःच विमान मोडवर गेल्यासारखा होतो. सातपाटीहून बोटीवर जाणाऱ्यांचंही तसंच. त्यांनी दोन एपिसोडांऐवजी आठवड्याचा साठा करून निघावं, आणि मेमरी कार्डवर डाउनलोड ठेवू देणारं ॲप निवडावं.

पैशांचं पाहा. पॉडकास्ट ऐकायला बहुतेक वेळा पैसे लागत नाहीत. कथा आणि पुस्तकं वाचून दाखवणारी ॲप वेगळी, ती वर्गणीवर चालतात, आणि चांगली निर्मिती असेल तर वर्गणी द्यावीही. पण चाचणीसाठी नाममात्र रक्कम घेताना यूपीआय ऑटोपेची संमती घेतली जाते, ती वाचून द्या. रक्कम कापण्याच्या किमान २४ तास आधी सूचना यावी असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, पण ती सूचना पन्नास संदेशांत हरवते.

निवड झाली की यादीची प्रत काढून ठेवा. अँटेनापॉड आणि पॉकेट कास्ट्स दोन्ही तुमच्या कार्यक्रमांची यादी ओपीएमएल नावाच्या छोट्या फाइलमध्ये देतात. सेटिंगमध्ये ‘एक्स्पोर्ट’ शोधा आणि ती फाइल स्वतःलाच ईमेल करा. २०१८ साली आलेलं गूगल पॉडकास्ट्स २०२४ मध्ये बंद झालं. स्टिचर हे पॉडकास्टचंच ॲप त्याच्या आदल्या वर्षी, ऑगस्ट २०२३ मध्ये गेलं. गूगलएवढ्या मोठ्या कंपनीचं ॲप बंद होऊ शकतं तर कुठलंही होईल. ज्यांच्याकडे ती फाइल होती त्यांनी पाच मिनिटांत दुसऱ्या ॲपमध्ये बिऱ्हाड हलवलं, बाकीचे एकेक नाव आठवत बसले.

नापास झालेलं ॲप फोनवरून काढताना क्रम पाळा. आधी त्यातले डाउनलोड पुसा, मग वर्गणी घेतली असेल तर यूपीआय ॲपच्या ऑटोपे विभागात जाऊन ती रद्द करा, प्ले स्टोअरमधून घेतली असेल तर तिथल्या सबस्क्रिप्शनमध्ये जाऊन. त्यानंतरच ॲप काढा. नुसतं ॲप काढल्याने पैसे कापले जाणं थांबत नाही.