राज्याचा वकील मतदानाने निवडावा का? (इयत्ता सातवी, नागरिकशास्त्र – पूरक पाठ)



शाळेच्या मंत्रिमंडळाची निवडणूक झाली, त्याच्या दुसऱ्या दिवशीची गोष्ट. तास चालू असताना एका मुलानं विचारलं, "सर, आपल्या जिल्ह्याचं नाव बदललं तवा लोक कोर्टात गेले होते ना? मग सरकारकडून तिथं कोण बोललं? मुख्यमंत्री का?"

मी सांगितलं, सरकारचा वकील बोलतो. उस्मानाबादचं धाराशिव झालं, त्या नामांतराविरुद्धच्या याचिका मुंबई उच्च न्यायालयाने ८ मे २०२४ रोजी फेटाळल्या. त्यात राज्याची बाजू मांडणारे बीरेंद्र सराफ हे तेव्हा महाराष्ट्राचे महाधिवक्ता होते. लगेच पुढचा प्रश्न आला, "मग त्यांना आपण मत दिलं होतं का?"

या प्रश्नावरच मी पुढचे दोन तास घेतले.

महाधिवक्ता म्हणजे कोण?

आमच्या माकणीला तेरणा नदीवर धरण आहे. ज्यांच्या जमिनी धरणात, कालव्यात जातात त्यांच्या घरी वाढीव मोबदल्याच्या दाव्याची चर्चा असते, म्हणून सरकारी वकील म्हणजे समोरच्या बाजूचा माणूस एवढं मुलांना माहीत असतं. महाधिवक्ता हा राज्याचा सर्वांत वरचा वकील. संविधानाच्या अनुच्छेद १६५ नुसार राज्यपाल त्यांची नेमणूक करतात. ती व्यक्ती उच्च न्यायालयाची न्यायाधीश होण्यास पात्र असावी लागते. सरकारला कायद्याचा सल्ला देणं हे त्यांचं मुख्य काम. विधिमंडळात त्यांना बोलता येतं, पण मत देता येत नाही. मुदत ठरलेली नसते. राज्यपालांची मर्जी असेपर्यंत पद राहतं, आणि राज्यपाल हे सारं मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने करतात. केंद्रात असंच पद महान्यायवादींचं आहे. ती नेमणूक राष्ट्रपती करतात.

मुलांना मी गावातलं उदाहरण दिलं. सरपंच आपण मतानं निवडतो, ग्रामपंचायत अधिकारी मात्र नेमला जातो. महाधिवक्ता हे दुसऱ्या प्रकारात येतात.

अमेरिकेत मात्र निवडणूक होते

अमेरिकेच्या ५० राज्यांपैकी ४३ राज्यांत या पदासाठी राज्यभर मतदान होतं. तिथं या पदाला ॲटर्नी जनरल म्हणतात. उमेदवार प्रचार करतात, सभा घेतात, देणग्या गोळा करतात. कमला हॅरिस २०१० मध्ये कॅलिफोर्नियात अशाच निवडणुकीत उभ्या होत्या. लढत इतकी अटीतटीची झाली की निकाल स्पष्ट व्हायला सुमारे तीन आठवडे लागले. हे वकील स्वतःला जनतेचे वकील समजतात. १९९८ मध्ये ४६ राज्यांच्या ॲटर्नी जनरलांनी मोठ्या तंबाखू कंपन्यांशी करार करून त्यांना राज्यांना अब्जावधी डॉलर द्यायला लावले.

हे ऐकून वर्ग एका सुरात म्हणाला, "मग आपल्याकडं पण मतदान पाहिजे!"

वर्गातला उपक्रम

मी म्हटलं, करून बघू. दोन वकील ठरवले. एक मुलांनी मतानं निवडला, तो कबड्डी संघाचा कप्तान. दुसरी मी नेमली, वर्गात नियम सर्वांत नीट वाचणारी मुलगी.

पहिला खटला : मधल्या सुट्टीत मैदान कबड्डीवाल्यांनीच वापरावं का? निवडून आलेला वकील हो म्हणाला. का, असं विचारल्यावर हसत म्हणाला, "सर, मला मतं त्यांनीच दिलीत." चौथीची लहान पोरं त्याच्या हिशेबात नव्हती, कारण त्यांना मतच नव्हतं.

दुसरा खटला : शिष्यवृत्तीच्या सरावासाठी सरांनी शुक्रवारचा खेळाचा तास काढून घेतला, हे बरोबर का? हा निर्णय मी खरोखरच घेतला होता. आता नेमलेल्या वकिलीणबाईंची पाळी. ती उभी राहिली आणि गप्पच राहिली. मग हळूच म्हणाली, "सर, तुमच्याविरुद्ध बोललं तर चालेल का? तुम्हीच नेमलंय मला."

खरं सांगतो, त्या प्रश्नाने मी वरमलो. 'मर्जी असेपर्यंत' हे शब्द मी फळ्यावर लिहिले होते, त्यांचा अर्थ तिनं मला समजावला.

मी म्हणालो, "बोल. पद जाणार नाही." मग ती म्हणाली, "वेळापत्रकात खेळाचा तास आहे. सराव शाळा सुटल्यावर घ्या." तास मी परत दिला.

मग उत्तर काय?

मुलांना मी दोन्ही बाजू सांगितल्या. मार्च २०१६ मध्ये तेव्हाचे महाधिवक्ता श्रीहरी अणे आपल्या मराठवाड्यात, जालन्याला बोलले की मराठवाडाही वेगळं राज्य व्हावं. विधिमंडळात गदारोळ झाला आणि त्यांनी राजीनामा दिला. मत पटो वा न पटो, नेमलेलं पद किती नाजूक असतं ते यातून कळतं. दुसरीकडे एच. एम. सिरवई १९५७ ते १९७४ अशी १७ वर्षं महाधिवक्ता होते. मधल्या काळात मुख्यमंत्री बदलले, ते राहिले. म्हणजे नेमलेला वकील कमकुवतच असतो असंही नाही.

मला वाटतं, मतानं निवडलेल्या वकिलाला मतदार नाराज होण्याची भीती, नेमलेल्याला नेमणाऱ्याची. म्हणून निवड कशी होते याच्या इतकंच महत्त्वाचं हे, की "साहेब, हे कायद्यात बसत नाही" असं सांगणाऱ्याचं ऐकलं जातं का. ही सवय मंत्रालयात हवी, तशी वर्गात आणि घरातही हवी. पालकहो, मूल नियम दाखवून तुम्हाला अडवत असेल, तर त्याला उलट बोलणं म्हणण्याआधी एकदा ऐकून घ्या.

सरावासाठी प्रश्न

१. महाधिवक्त्यांची नेमणूक कोण करतं? पात्रता काय?
२. विधिमंडळात त्यांना कोणता अधिकार आहे, कोणता नाही?
३. गावातली निवडून येणारी दोन आणि नेमली जाणारी दोन पदं लिहा.
४. तुम्ही वर्गाचे वकील आहात. सरांचा एक निर्णय तुम्हाला चुकीचा वाटतो. चार ओळींत बाजू मांडा.

चौथ्या प्रश्नाची उत्तरं वाचताना मन मोठं ठेवा. माझ्या वर्गातल्या वह्यांत माझ्याविरुद्ध अकरा खटले निघाले!