बर्फाचा चार महिन्यांचा प्रवास

गोळेवाल्याकडे बर्फाची लादी गोणपाटात गुंडाळून लाकडाच्या भुशात ठेवलेली तुम्ही पाहिली असेल. ‘ब्लँकेटमध्ये गुंडाळलेला बर्फ लवकर वितळेल की उशिरा?’ असे मी वर्गात विचारतो, तेव्हा बरेच जण ‘लवकर’ म्हणतात. कारण ब्लँकेट ऊब देते! वास्तविक ब्लँकेट उष्णता देत नाही. ती सहजासहजी आरपार जाऊ देत नाही, इतकेच.

फ्रीज नव्हते तेव्हा याच तत्त्वावर एक मोठा व्यापार चालत असे. अमेरिकेतील बोस्टनचा व्यापारी फ्रेडरिक ट्यूडर हिवाळ्यात गोठलेल्या तळ्यांतून बर्फ कापून उष्ण देशांत विकी. १२ मे १८३३ रोजी ‘टस्कनी’ हे जहाज त्याचा सुमारे १८० टन बर्फ घेऊन कलकत्त्यास निघाले. सुएझचा कालवा तेव्हा नव्हता. आफ्रिकेला वळसा घालून, विषुववृत्त दोनदा ओलांडून ते सप्टेंबरात पोहोचले, तेव्हा सुमारे १०० टन बर्फ शिल्लक होता!

हे कसे शक्य झाले? भुशात अडकलेली हवा उष्णतेची मंदवाहक असते, हे एक कारण. शिवाय ० अंशाच्या १ ग्रॅम बर्फाचे त्याच तापमानाचे पाणी होण्यास ८० कॅलरी उष्णता लागते. तेवढ्या उष्णतेत १ ग्रॅम पाणी ० पासून ८० अंशांपर्यंत तापेल.

तिसरे कारण मला सर्वांत गमतीचे वाटते. १ किलो बर्फाच्या घनाकृती ठोकळ्याची बाजू सुमारे १० सेंटिमीटर भरते. १८० टन, म्हणजे १,८०,००० किलो बर्फाचा एकच ठोकळा केला तर? १,८०,००० चे घनमूळ काढा. ते सुमारे ५६ येते. म्हणजे बाजू ५६ पट, पृष्ठभाग ५६ × ५६ = ३,१३६ पट, पण वजन १,८०,००० पट! उष्णता आत शिरते ती पृष्ठभागातूनच, आणि दर किलोमागे पृष्ठभाग तर ५६ पटींनी घटला. म्हणूनच बर्फाच्या लाद्या फटी न ठेवता एकमेकींना भिडवून रचत. ट्यूडर हिशेबी खराच. पण हा हिशेब निसर्गाने त्याला फुकट करून दिला होता.

पुढे मुंबई आणि मद्रासलाही हा बर्फ येऊ लागला. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात यंत्रांनी बर्फ तयार होऊ लागला आणि हा धंदा बसला. मद्रासचे, म्हणजे आजच्या चेन्नईचे, बर्फघर मात्र मरीना किनाऱ्यावर अजून उभे आहे.