लेकरांच्या ताटाशेजारी वजनकाटा नको

तेरा-चौदा वर्षांची मुलगी एकदम भात सोडते. 'कार्ब्स' हा शब्द तिच्या तोंडी कधी आला, ते घरात कुणालाच कळलेलं नसतं. सोळा वर्षांचा मुलगा जिमच्या ट्रेनरनं सांगितलं म्हणून प्रोटीन पावडरच्या डब्यासाठी पैसे मागतो. आपण मोबाइलला दोष देतो, आणि त्याचा दोष आहेच. पण आई-बाबांनो, आज मला तुमच्याशी आपल्या घरातल्या बोलण्याविषयी बोलायचं आहे. ते बदलणं आपल्या हातात आहे.

'किती सुटलीस गं!' 'याच्या अंगाला काही लागतच नाही.' 'तिसरी पोळी कशाला आता?' हे आपण मायेनंच बोलतो. स्वतःविषयी बोलतो ते आणखी वेगळं. आरशासमोर पोट आत ओढून आई म्हणते, 'काय ध्यान दिसतेय मी!' श्रीखंड खाऊन झाल्यावर बाबा म्हणतात, 'आज पाप केलं, उद्या लंघन.' शेजारी बसलेलं मूल यातून एवढंच शिकतं की शरीर ही लाज वाटण्याची गोष्ट आहे आणि जेवण हा गुन्हा.

हे माझं नुसतं मत नाही. अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात डायन न्यूमार्क-स्टाइनर आणि त्यांचे सहकारी किशोरवयीन मुलांच्या खाण्याचा आणि वजनाचा अनेक वर्षं अभ्यास करत आहेत. त्यात दिसलं ते आपल्या समजुतीच्या उलट आहे. ज्या मुलामुलींनी डाएट केलं, त्यांचं वजन पुढच्या पाच वर्षांत इतरांपेक्षा जास्त वाढलं. ज्या घरांत मुलांच्या वजनावर बोललं जायचं, तिथे उपाशी राहणं, उलट्या काढणं, अधाशासारखं खाणं असे प्रकार जास्त आढळले. 'काय खाल्लं तर बरं' एवढ्यापुरतंच बोलणाऱ्या घरांत ते कमी होते. 2016 मध्ये अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं पालकांना हेच सांगितलं: वजनाविषयी बोलू नका, मुलांना डाएटवर ठेवू नका, शक्य तेवढ्या वेळा एकत्र जेवा.

उपाशी राहून वजन का वाढावं? त्याच विद्यापीठातला एक जुना प्रयोग याचं उत्तर देतो. 1944-45 मध्ये अँसेल कीज यांनी 36 निरोगी तरुणांना साधारण सहा महिने अर्धपोटी ठेवलं. सदसद्विवेकबुद्धीला पटत नाही म्हणून युद्धात लढायला नकार दिलेले हे तरुण प्रयोगात स्वतःहून आले होते. त्यांचं वजन जवळजवळ पाव हिश्शानं घटलं. पण त्याहून लक्षात राहतं ते त्यांचं वागणं. त्यांच्या डोक्यात दिवसभर अन्नाचाच विचार असायचा. ते पाककृतींची पुस्तकं वाचत बसायचे, ताटं चाटायचे, चिडायचे, मित्रांत मिसळेनासे झाले. पुन्हा पोटभर अन्न मिळू लागल्यावर कितीही खाल्लं तरी कित्येकांचं समाधान होईना. म्हणून दिवसभर 'मला भूक नाही' म्हणणाऱ्या आणि रात्री चिवड्याचा डबा रिकामा करणाऱ्या मुलीला हावरट म्हणू नका. तिचं शरीर दिवसाची उधारी वसूल करत असतं.

याच कीज यांनी 1972 मध्ये 'बॉडी मास इंडेक्स', म्हणजे बीएमआय, हे नाव रूढ केलं. त्यामागचं सूत्र एकोणिसाव्या शतकातल्या ॲडॉल्फ केतले या बेल्जियन संख्याशास्त्रज्ञाचं. तो 'सरासरी माणूस' शोधत होता, कुणाची प्रकृती तपासत नव्हता. आज मुलं मोबाइलवर आपला बीएमआय काढतात, मोठ्यांच्या मर्यादांशी ताडून बघतात आणि घाबरतात. वाढत्या वयाला या मर्यादा लागू पडत नाहीत. मुलांसाठी वय आणि लिंगानुसार वेगळे वाढीचे तक्ते असतात. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं 5 ते 18 वर्षांच्या मुलांसाठी 2015 मध्ये असे तक्ते प्रसिद्ध केले. तुमच्या डॉक्टरांकडे ते असतील. त्यावर एकच आकडा बघू नका, दोन-तीन वर्षांची रेघ कुठे चाललीय ते बघा.

वयात येताना मुलींच्या मांड्या-नितंबांवर चरबी येते, ती यायलाच हवी. बरीच मुलं आधी भरतात, मग उंच होतात. मुलग्यांचं हे सगळं साधारण दोन वर्षं उशिरा सुरू होतं, म्हणून सातवी-आठवीच्या वर्गात मुली थोराड आणि मुलगे काटकुळे दिसतात. आणि नेमक्या याच वयात आपण दोघांनाही टोमणे मारतो.

मुलग्यांच्या दुखण्याकडे तर कुणाचं लक्षच जात नाही. सोळा ते अठरा वर्षांच्या मुलाला दिवसाला साधारण 55 ग्रॅम प्रथिनं लागतात, असं राष्ट्रीय पोषण संस्थेचे आकडे सांगतात. दोन अंड्यांतून बारा-तेरा ग्रॅम मिळतात, दोन पेले दुधातून चौदा-पंधरा, मूठभर शेंगदाण्यांतून सात. त्यात मटकीची उसळ, घट्ट वरण आणि चार-पाच पोळ्या किंवा भाकऱ्या आल्या की हिशेब पुरा होतो. अंडं न खाणाऱ्यांनी पनीर, दही, सोयाबीन वाढवावं. याच संस्थेनं 2024 च्या आहारसूचनांत अंग कमावण्यासाठी प्रोटीन पावडर घेऊ नका, असं स्पष्ट सांगितलं आहे. मुलाला व्यायामाची हौस असेल तर ती मोडू नका. त्याला तालमीत पाठवा, मल्लखांब शिकवा, कबड्डीच्या मैदानावर सोडा. मल्लखांबावर पकड किती टिकली हे पाहिलं जातं, दंडाचा घेर कुणी मोजत नाही. शरीर काय करू शकतं याचा अभिमान ज्याला कळला, त्याला आरसा फार छळत नाही.

याचा अर्थ काहीही खा, कसंही लोळा, असा नाही. रोज चिप्सचं पाकीट, बाटलीतलं गोड पेय आणि रात्री एकपर्यंत स्क्रीन, हेही टोकच आहे. जागतिक आरोग्य संघटना 5 ते 17 वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला सरासरी 60 मिनिटं दमवणारी हालचाल सांगते. किशोरवयात आठ ते दहा तास झोप हवी. आणि ज्याची खरोखर काळजी करायला हवी, ती गोष्ट काट्यावर दिसत नाही. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत 15 ते 19 वयोगटातल्या देशातल्या 59 टक्के मुलींच्या अंगात रक्त कमी होतं. मुलगी बारीक असो वा जाड, तिचं वजन करण्याआधी हिमोग्लोबिन तपासा. पालेभाजी, कडधान्यं आणि वर लिंबाची फोड असू द्या. चहा जेवणापासून लांब ठेवा.

दिवसातून दोनदाच जेवायची पद्धत महाराष्ट्रात घरोघरी पोचली आहे. तुम्हाला ती मानवत असेल तर तुमच्यापुरती ठेवा, वाढत्या मुलाला तिच्यात ओढू नका. डॉक्टरांनी वजनाबद्दल सांगितलंच, तर बदल सगळ्या घराचा करा. ताईला फुलका-काकडी आणि दादाला आइस्क्रीम, असा भेद मूल जन्मभर विसरत नाही.

काही खुणा मात्र ओळखून ठेवा: पाळी थांबणं, चक्कर येणं, सारखी थंडी वाजणं, जेवल्यावर लगेच बाथरूममध्ये जाऊन दार लावणं, ताप असतानाही व्यायामाचा हट्ट, चारचौघांत जेवायला टाळणं. अशा वेळी रागावण्यात दिवस घालवू नका. बालरोगतज्ज्ञांना भेटा, गरज पडली तर मानसोपचारतज्ज्ञांनाही. सरकारच्या टेली-मानस सेवेचा 14416 हा क्रमांक दिवसरात्र चालू असतो आणि तिथे मराठीतही बोलता येतं.

आणि एक विनंती. घरच्या कार्यात एखादी आत्या किंवा काका लेकीला सगळ्यांदेखत 'अगंबाई, केवढी झालीस!' म्हणतील. तेव्हा संकोचून हसू नका. 'आमच्याकडे मुलांच्या वजनावर बोलत नाही,' असं लेकीसमोरच, हळू पण ठाम आवाजात सांगा.