प्रतिरूपाची प्रीती : मानवी क्लोन आणि मराठी विज्ञानकथेतील प्रेम

मराठी विज्ञानकथेच्या समीक्षेत प्रेम हा विषय बहुधा उपेक्षितच राहिला आहे. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेसाठी जयंत नारळीकरांनी ‘नारायण विनायक जगताप’ या टोपणनावाने ‘कृष्णविवर’ ही कथा पाठविली. त्यानंतरच्या काळात या कथाप्रकाराला वाङ्मयीन प्रतिष्ठा मिळत गेली, हे खरे. परंतु विज्ञान हा कथेचा कणा आणि प्रेम हा तिच्या अंगावरचा दागिना, अशी एक अलिखित श्रमविभागणी लेखकांनी आणि समीक्षकांनीही सोयीची म्हणून स्वीकारलेली दिसते. मानवी क्लोनची प्रेमकथा ही विभागणी टिकू देत नाही. तिच्यातील वैज्ञानिक गृहीतक आणि प्रेमविषयक प्रश्न हे एकच असतात : प्रेम केले जाते ते रूपावर, की त्या रूपाने जगलेल्या आयुष्यावर?

‘क्लोन’ हा शब्द प्रयोगशाळेत जन्मला नाही. तो बागेत जन्मला. फांदी या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून १९०३ मध्ये हर्बर्ट वेबर या अमेरिकन वनस्पतिशास्त्रज्ञाने तो घडविला, आणि काडीपासून वाढविलेल्या रोपांच्या कुळाला तो लावला. या अर्थाने जुन्नर तालुक्यात नारायणगावच्या परिसरातील द्राक्षबागा म्हणजे एकेका वेलीच्या असंख्य आवृत्त्या होत. बिनबियांच्या द्राक्षाला काडीवाचून वंश नाही. डॉगरीजच्या खुंटावर हव्या त्या जातीचा डोळा बांधायचा, एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची फळछाटणी सांभाळायची, हे तेथील शेतकऱ्याला ठाऊक असते. एकाच वेलीचे कलम दोन निराळ्या खुंटांवर, दोन निराळ्या जमिनींत सारखे वाढत नाही, हेही तो जाणतो. थॉमसन सीडलेसच्या अशाच बागांतून तासगावला ‘तास-ए-गणेश’ ही वेगळी निवड पुढे आली; म्हणजे प्रतिरूपातही भेद उपजतो. मराठीत ‘कलम’ हा शब्द लेखणीलाही आहे आणि बांधलेल्या रोपालाही. या योगायोगावर फार भार टाकू नये, तथापि क्लोनची कथा लिहू पाहणाऱ्याने एखादा हंगाम द्राक्षबागेत काढल्यास त्याचे नुकसान होणार नाही.

या विषयावरील सामान्य लेखनाचा मुख्य दोष असा की, त्यात क्लोन हा झेरॉक्स प्रतीसारखा तयार वयाचा, तयार स्मृतींचा अवतरतो. वस्तुस्थिती वेगळी आहे. जुलै १९९६ मध्ये स्कॉटलंडच्या रोझलिन इन्स्टिट्यूटमध्ये जन्मलेली ‘डॉली’ ही कोकरू म्हणूनच जन्मली. २७७ प्रयत्नांतून ती एकटी जिवंत उपजली. २००९ साली कर्नालच्या राष्ट्रीय डेअरी संशोधन संस्थेत क्लोनिंगने जन्मलेली पहिली म्हशीची पारडी काही दिवसच जगली, ‘गरिमा’ ही त्यानंतरची. अमेरिकेत टेक्सासमध्ये डिसेंबर २००१ मध्ये जन्मलेल्या क्लोन मांजरीच्या अंगावरचे रंग तर मूळ मांजरीसारखे उतरलेच नाहीत. मानवी क्लोन जन्मल्याचे आजवर सिद्ध झालेले नाही, आणि भारतात वैद्यकीय संशोधन परिषदेच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार असा प्रयोग निषिद्ध आहे. क्लोनला गर्भाशय लागते, बालपण लागते, आणि स्मृती ज्याची त्यानेच कमवावी लागते. या तीन अटी पाळल्या की कथेतील प्रेम आपोआप अवघड होते. ते अवघड झाल्यावाचून कथा उभी राहत नाही.

प्रतिरूपावरील प्रीतीचा प्रश्न भारतीय वाङ्मयाला परका नाही. सूर्याचे तेज न सोसून संज्ञा माहेरी जाते आणि आपल्या जागी हुबेहूब छाया ठेवते. सूर्य तिच्याशी संसार करतो, तिला अपत्ये होतात. यमाशी ती सापत्नभावाने वागते तेव्हा कोठे भेद उघडकीस येतो. पुराणाचे लक्ष संज्ञेच्या शोधाकडे वळते. छायेला काय वाटले असेल, याची चौकशी तेथे फारशी नाही. दुसरे उदाहरण महाभारतातील नलोपाख्यानाचे. मराठी वाचकाला ते रघुनाथपंडितांच्या आख्यानकाव्यामुळे अधिक जवळचे. स्वयंवरमंडपात पाच नल बसलेले असतात. चौघांना घाम नाही, त्यांची पापणी लवत नाही, हार कोमेजत नाहीत, पाय भूमीला टेकत नाहीत. पाचव्याला सावली आहे. दमयंती आपला नल ओळखते ती मर्त्यपणाच्या या खुणांवरून. क्लोनच्या बाबतीत मात्र ही कसोटी निरुपयोगी ठरते, कारण त्यालाही घाम येतो आणि त्याचाही हार सुकतो. म्हणून आधुनिक दमयंतीला देहाबाहेरची खूण शोधणे भाग आहे. विज्ञान-प्रेमकथेचे खरे कार्यक्षेत्र येथे सुरू होते.

नारळीकरांच्या ‘वामन परत न आला’ या कादंबरीत स्वतःसारखे दुसरे घडविण्याची यंत्रमानवाची आकांक्षा हा मानवजातीपुढील धोका म्हणून येतो. तेथे प्रतिरूप ही संख्या आहे, व्यक्ती नव्हे. त्या कादंबरीच्या हेतूला ते योग्यही आहे. काझुओ इशिगुरो यांच्या ‘नेव्हर लेट मी गो’ (२००५) या कादंबरीत याउलट क्लोनच निवेदिका आहे. अवयवदानासाठी वाढविलेल्या या तरुणतरुणींत एक अफवा पसरलेली असते : दोघांचे प्रेम खरे असल्याचे सिद्ध झाल्यास त्यांना काही वर्षांची मुदत मिळते. प्रेमाचा पुरावा सादर करावा लागणे, यापरते मोठे दैन्य दाखविण्यासाठी इशिगुरोंना एकाही प्रयोगशाळेचे वर्णन करावे लागलेले नाही.

अशी कथा मराठीत, आणि जुन्नर-आंबेगावच्या भूमीवर, लिहावयाची झाल्यास तिला येथील दोन स्थळांचे साहाय्य होईल. नाणेघाटातील लेण्यात सातवाहन राजकुलाच्या पुरुषाकृती प्रतिमा होत्या. आज त्या नाहीत; भिंतीवर नावे आणि खाली पावलांच्या खुणा तेवढ्या उरल्या आहेत. त्याच लेण्यातील लेखात विधवा राणी नागनिकेच्या व्रतस्थ जीवनाचा उल्लेख येतो. आंबेगाव तालुक्याचे नाव ज्या गावावरून पडले, ते मूळ गाव डिंभे धरणाच्या पाण्याखाली गेले आणि कचेऱ्या घोडेगावी राहिल्या. या दोन्ही ठिकाणी नाव उरले, देह गेला. क्लोनच्या बाबतीत नेमके उलट घडते : देह परततो, नाव त्याचे नसते.

समजा, नारायणगावच्या एका बागाईतदाराची पत्नी तिशीत विधवा झाली आणि पतीच्या जतन केलेल्या पेशींपासून मूल जन्माला आले. ते मूल तीस वर्षांचे होईल तेव्हा ती साठी ओलांडलेली असेल. त्याला वाढविले तिनेच असेल, तर प्रेमकथा तेथेच संपते आणि शोकांतिका सुरू होते. म्हणून कथाकाराने त्याला दूर, दुसऱ्या घरी वाढवावे आणि प्रौढपणी तिच्या दारात आणून उभे करावे. त्याला तिची ओळख नाही. तिला मात्र त्याच्या चालण्याची, खांदा किंचित झुकविण्याची ओळख आहे. परंतु तो खांदा आनुवंशिक होता की पाठीवरून फवारणीचा पंप वाहून झुकलेला, हे तिलाही सांगता येत नाही. त्याचे मन पुढे गावातीलच एखाद्या तरुणीवर जडल्यास या स्त्रीला वाटणारी असूया पत्नीची, की आईची, की चोरी उघडकीस आलेल्या व्यक्तीची? मृताची संमती कोणी घेतली होती, हाही प्रश्न त्या तरुणाने तिला विचारला पाहिजे.

येथे मराठी भाषाच कथाकाराची परीक्षा घेते. इंग्रजीतील लेखकाला एका सर्वनामावर निभावून नेता येते. मराठीत ती स्त्री पतीला ‘अहो’ म्हणत आली, आणि मुलाच्या वयाच्या माणसाला ‘अरे’ म्हणणे हा तिचा वयसिद्ध अधिकार आहे. तो तरुण ओट्यापाशी उभा राहून पाणी मागतो, आणि तिला उत्तरादाखल एक वाक्य बोलावयाचे आहे. त्या वाक्यातील क्रियापद कोणत्या रूपात येईल, हे ठरविण्यापूर्वी लेखकाने संहितेचे पुढचे पान लिहू नये.