घरातील ध्वनिमुद्रण : हौशी संगीत, खर्च आणि हक्क

१९०२ मध्ये ग्रामोफोन कंपनीचे तंत्रज्ञ फ्रेडरिक गेसबर्ग कोलकात्यात आले, तेव्हा भारतात ध्वनिमुद्रणगृह नव्हते. एका हॉटेलच्या खोलीत यंत्रसामग्री मांडून त्यांनी गौहर जान यांचे गायन मुद्रित केले. मूळ तबकड्या जर्मनीतील हॅनोव्हर येथे पाठविल्या जात. तेथील कारागिरांना गायिकेची ओळख पटावी म्हणून गाण्याच्या शेवटी त्या आपले नाव इंग्रजीत उच्चारीत. भारतीय संगीताचे व्यापारी ध्वनिमुद्रण अशा रीतीने राहत्या खोलीत सुरू झाले. १९०८ मध्ये कोलकात्यातील सियालदह येथे तबकड्यांचा कारखाना निघाला आणि त्यानंतर अनेक दशके हा व्यवसाय मोजक्या कंपन्यांच्या हाती राहिला. कोणाचा आवाज मुद्रित व्हावा हे कंपनी ठरवीत असे. हौशी कलावंताला त्यात स्थान नव्हते.

आज नोकरी, व्यवसाय अथवा शिक्षण सांभाळून संगीताची आवड जोपासणारी व्यक्ती घरातील एखाद्या खोलीत स्वतःचे गायन-वादन मुद्रित करते, त्यावर संस्कार करते आणि जगभर प्रसृतही करू शकते. हा बदल केवळ तंत्रज्ञानाचा नाही. खर्चाची रचना, उत्पन्नाची विभागणी, राष्ट्रीय उत्पन्नाचे मोजमाप आणि बौद्धिक संपदेचा कायदा या चारही विषयांशी त्याचा संबंध येतो.

खर्चाची बदललेली रचना

ध्वनिमुद्रण हे अर्थशास्त्रातील ‘प्रथम प्रतीच्या खर्चा’चे उत्तम उदाहरण होय. पहिली प्रत तयार करण्याचा खर्च मोठा असतो. त्यानंतरच्या प्रत्येक प्रतीचा सीमान्त खर्च अत्यल्प असतो. तबकडीच्या काळात पहिल्या प्रतीच्या खर्चात ध्वनिरोधक कक्ष, महागडी यंत्रे, तंत्रज्ञ आणि वादकवृंद यांचा समावेश होई. एवढा स्थिर खर्च भरून निघण्यासाठी हजारो प्रती खपणे आवश्यक असे. त्यामुळे ज्या बोलीला, ज्या गायनप्रकाराला मोठा ग्राहकवर्ग नाही, तो आपोआप वगळला जाई.

या भिंतीला पहिला तडा कॅसेटने पाडला. १९८० च्या दशकात भारतात कॅसेटचा प्रसार झाला, तेव्हा प्रती काढण्याचा खर्च घटला आणि प्रादेशिक भाषांत, लोकसंगीतात, भक्तिगीतांत शेकडो लहान उत्पादक उतरले. परंतु मूळ मुद्रणासाठी तेव्हाही ध्वनिमुद्रणगृह लागत असे. ते काम घरात आणणारी साधने याच सुमारास परदेशात तयार होत होती. १९७९ मध्ये टीॲक कंपनीने साध्या कॅसेटवर चार स्वतंत्र पट्ट्यांत मुद्रण करणारे यंत्र बाजारात आणले. १९८३ मध्ये विविध कंपन्यांची इलेक्ट्रॉनिक वाद्ये परस्परांशी जोडणारे ‘मिडी’ हे समान मानक आले. २००० मध्ये ‘ऑडेसिटी’ हे ध्वनिसंपादनाचे सॉफ्टवेअर कोणालाही विनामूल्य उपलब्ध झाले.

भारतापुरता व्यापारधोरणाचा भागही महत्त्वाचा आहे. जागतिक व्यापार संघटनेच्या १९९६ च्या माहिती तंत्रज्ञान करारात भारत १९९७ मध्ये सहभागी झाला आणि संगणकांवरील आयातशुल्क टप्प्याटप्प्याने शून्यावर आले. वाद्ये आणि संगीताच्या मुद्रणासाठीचे मायक्रोफोन या कराराच्या कक्षेत नव्हते. २०१५ मध्ये झालेल्या कराराच्या विस्तारात भारत सामील झाला नाही. संगणक स्वस्त होत गेला तो कार्यालयांसाठी आणि सॉफ्टवेअर उद्योगासाठी. संगीतप्रेमींना त्याचा लाभ अनायासे मिळाला.

खोलीची मर्यादा

घरगुती ध्वनिमुद्रणास फार थोडी सामग्री पुरते : मायक्रोफोन, त्याचा विद्युतसंकेत अंकीय रूपात आणणारा ऑडिओ इंटरफेस, संगणक आणि चांगला हेडफोन. मानवी कान सुमारे २०,००० हर्ट्झपर्यंतचे ध्वनी ऐकतो. ते अचूक टिपण्यासाठी दुपटीहून अधिक वेळा नमुने घ्यावे लागतात, म्हणून सेकंदाला ४४,१०० नमुने हे मानक रूढ झाले. या हिशेबाने दोन पट्ट्यांचे १६ बिटचे एक मिनिट सुमारे १० मेगाबाइट जागा व्यापते. आजच्या संगणकाला हा भार किरकोळ आहे.

यंत्रे स्वस्त झाली. खोली मात्र झाली नाही. समोरासमोरच्या भिंतींत ३ मीटर अंतर असलेल्या खोलीत सुमारे ५७ हर्ट्झ आणि तिच्या पटीतील कंपने भिंतींदरम्यान साचून राहतात. परिणामी डग्ग्याचा घुमारा भिंतीजवळ फुगतो आणि खोलीच्या मध्यावर त्याचा काही भाग नाहीसा होतो. भिंतींना अंड्यांचे पुठ्ठे लावण्याची पद्धत लोकप्रिय असली तरी खालच्या स्वरांवर त्यांचा उपयोग होत नाही. गोधड्या आणि जाड पडदे वरच्या स्वरांचा प्रतिध्वनी शोषतात, घुमारा तसाच राहतो. त्यासाठी कोपऱ्यांत बरीच जाड व घन शोषक सामग्री लागते. शिवाय पंखा बंद करावा लागतो. मे महिन्यात नागपूरला किंवा चेन्नईला बंद खोलीत पंख्यावाचून ख्याल मुद्रित करणे म्हणजे काय, हे कोणत्याही खर्चपत्रकात दिसत नाही. दाट वस्तीतील लहान घरात राहणाऱ्यास शांतता रात्री उशिराच मिळते, तेव्हा शेजाऱ्यांना गायन नको असते. सबब, प्रवेशाचा आर्थिक अडसर दूर झाला या विधानास निवासाच्या विषमतेची मर्यादा आहे.

लाभ आणि हानी

तंत्रज्ञानाचा लाभ एकाला होतो तेव्हा त्याची किंमत बहुधा दुसरा कोणी मोजत असतो. हिंदी चित्रपटसंगीताच्या वाद्यवृंदांत गोव्यातील वादक आणि संगीतसंयोजकांचे योगदान मोलाचे होते. पाश्चात्त्य स्वरलेखन वाचणारे हे कलावंत अनेक दशके मुंबईच्या ध्वनिमुद्रणगृहांचा कणा होते. सिंथेसायझर आणि संगणकीय मुद्रणाचा वापर वाढल्यावर मोठ्या वाद्यवृंदांची मागणी घटत गेली. तोच सिंथेसायझर लहान रूपात हौशी कलावंताच्या टेबलावर आला. तानपुऱ्याचेही तसेच घडले. इलेक्ट्रॉनिक तानपुरा आणि नंतर मोबाइलवरील तानपुरा यांमुळे घरी रियाज सोपा झाला. मिरजेच्या तंतुवाद्य कारागिरांपुढे मात्र एक स्वस्त पर्यायी वस्तू उभी राहिली. मिरजेच्या सतारीला व तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. मानांकनाने नावाला संरक्षण मिळते, मागणी निर्माण होतेच असे नाही.

उत्पन्नाच्या बाबतीत चित्र अधिक विषम आहे. मानवी आवाज किती श्रोत्यांपर्यंत पोहोचतो यास मर्यादा असल्याने गायकाच्या कमाईलाही मर्यादा पडते, असे निरीक्षण अल्फ्रेड मार्शल यांनी नोंदविले होते. शर्विन रोझेन यांनी १९८१ मध्ये ‘सुपरस्टार’च्या अर्थशास्त्रावरील प्रसिद्ध लेखात पुढचे पाऊल टाकले : तंत्रज्ञानाने ही मर्यादा हटविली की गुणवत्तेतील लहानशा फरकामुळेही उत्पन्नात प्रचंड तफावत पडते, कारण सर्वांनाच सर्वोत्तम ऐकता येते. प्रवेश खुला होणे आणि उत्पन्न विखुरणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. विद्यार्थ्यांनी त्यांची गल्लत करू नये. बहुतेक प्रसारमंचांवर महसुलाचा एकत्र निधी करून एकूण श्रवणातील वाट्यानुसार तो विभागला जातो. स्पॉटिफायने तर २०२४ पासून, मागील १२ महिन्यांत किमान १,००० वेळा न ऐकल्या गेलेल्या ध्वनिमुद्रणास या निधीतून वाटा न देण्याचे धोरण स्वीकारले. आपल्या चाळीस-पन्नास परिचितांसाठी गाणाऱ्या हौशी गायकाचे उत्पन्न यामुळे शून्यावर निश्चित होते. त्याने पैशासाठी गायिले नसेलही. परंतु त्याच्या श्रोत्यांनी भरलेल्या वर्गणीतील तो अंश इतरांकडे जातो, ही बाब उरतेच.

राष्ट्रीय लेख्यांत हौस कोठे बसते?

संयुक्त राष्ट्रांच्या २००८ च्या राष्ट्रीय लेखा पद्धतीनुसार, उत्पादनात एक वर्षाहून अधिक काळ वापरली जाणारी मनोरंजनपर, साहित्यिक व कलात्मक मूळ निर्मिती ही बौद्धिक संपदा उत्पादनांमध्ये, म्हणजेच स्थिर भांडवलात गणली जाते. चित्रपटाची वा व्यावसायिक गीताची मूळ प्रत ही त्या अर्थाने यंत्रासारखीच भांडवली मालमत्ता होय. भारताने २०१५ मध्ये प्रसृत केलेल्या २०११-१२ या आधारवर्षाच्या मालिकेत या पद्धतीचा अंगीकार केला.

आता एकच मायक्रोफोन दोन व्यक्तींनी विकत घेतला असे समजू. व्यावसायिक ध्वनिमुद्रकाने केलेली खरेदी स्थूल स्थिर भांडवल निर्मितीत मोडते. हौशी गायिकेची खरेदी हा कुटुंबाचा अंतिम उपभोग खर्च ठरतो. तिने स्वतःच्या आनंदासाठी केलेले मुद्रण उत्पादनाच्या सीमेबाहेर राहते, कारण कुटुंबाने स्वतःसाठी निर्माण केलेल्या सेवा, काही अपवाद वगळता, देशांतर्गत उत्पादनात धरल्या जात नाहीत. पुढे तेच मुद्रण एखाद्या लघुपटासाठी परवान्याने दिले गेले, तर मोबदला हिशेबात येतो. वस्तू तीच, श्रम तेच. वर्गीकरण मात्र हेतूवर आणि व्यवहारावर अवलंबून असते.

ही उणीव अंशतः भरून काढणारे साधन म्हणजे वेळ-वापर सर्वेक्षण. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०१९ मध्ये पहिले आणि २०२४ मध्ये दुसरे अखिल भारतीय सर्वेक्षण केले. त्यातील वर्गीकरणात संस्कृती, विरंगुळा, प्रसारमाध्यमे व क्रीडा यांसाठी स्वतंत्र विभाग आहे. मात्र गाणे ऐकण्यात गेलेला तास आणि गाणे घडविण्यात गेलेला तास या एकाच मोठ्या विभागात येतात. सर्जनशील अर्थव्यवस्थेचे धोरण आखताना या दोहोंतील फरक महत्त्वाचा ठरतो.

हक्कांचे तीन थर

हौशी कलावंताचे खरे नुकसान बहुधा हक्कांविषयीच्या अज्ञानातून होते. प्रताधिकार अधिनियम, १९५७ नुसार एका गीतात शब्दरचना, संगीतरचना आणि ध्वनिमुद्रण या तीन स्वतंत्र कृती असतात. पहिल्या दोहोंचे संरक्षण रचनाकाराच्या हयातीत व मृत्यूनंतर ६० वर्षे, तर ध्वनिमुद्रणाचे प्रकाशनानंतर ६० वर्षे टिकते. गायक-वादकांना याशिवाय ५० वर्षांचा सादरकर्त्याचा हक्क मिळतो. ध्वनिमुद्रणाच्या संदर्भात कायद्याने निर्माता हाच कर्ता मानला आहे आणि मुद्रणासाठी पुढाकार व जबाबदारी घेणारी व्यक्ती ही निर्माता होय. घरच्या घरी मुद्रण करणारी व्यक्ती अशा प्रकारे एकाच वेळी रचनाकार, सादरकर्ती आणि निर्माती असू शकते. पारंपरिक बंदिशीच्या रचनेवर कोणाचा प्रताधिकार नसला, तरी तिने केलेल्या मुद्रणावर तिचा हक्क असतो.

हक्क निर्माण होण्यास नोंदणी सक्तीची नाही. इच्छा असल्यास २०१३ च्या नियमांनुसार संगीतकृतीसाठी ५०० रुपये व ध्वनिमुद्रणासाठी २,००० रुपये शुल्क भरून ती करता येते. हक्क दुसऱ्यास देताना मात्र लेखी व स्वाक्षरीयुक्त दस्तऐवज आवश्यक आहे. त्यात मुदत नमूद नसेल तर ती ५ वर्षे आणि क्षेत्र नमूद नसेल तर ते भारतापुरते धरले जाते. मित्राने शब्द लिहिले, दुसऱ्याने तबला वाजविला आणि कागद कोणीच केला नाही, अशी स्थिती हौशी वर्तुळात सर्रास आढळते. गाणे अपरिचित राहिले तर काही बिघडत नाही. ते जाहिरातीत वापरण्याची मागणी आली की मैत्री तुटते. प्रत्येक ध्वनिमुद्रणास आंतरराष्ट्रीय मानक मुद्रण संकेतांक, म्हणजे बारा चिन्हांची ओळख देता येते. गौहर जान यांनी तबकडीवर उच्चारलेल्या नावाचे काम आज हा संकेतांक व त्यासोबतची नावनोंद करते. ती चुकीची भरली तर मोबदला योग्य व्यक्तीपर्यंत पोहोचत नाही.

रचनाकारांच्या दृष्टीने २०१२ ची दुरुस्ती हा मोठा टप्पा होता. १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटीच्या प्रकरणात चित्रपट निर्मात्यांच्या बाजूने निर्णय दिल्यानंतर गीतकार-संगीतकारांची बाजू दुबळी झाली होती. दुरुस्तीने चित्रपटात वा ध्वनिमुद्रणात समाविष्ट शब्द-संगीताच्या वापरातून मिळणाऱ्या स्वामित्वधनात रचनाकारांचा समान वाटा राखला. तो सोडून देणारा करारही चालत नाही.

त्याच दुरुस्तीतील कलम ३१ग हौशी कलावंतांशी अधिक निगडित आहे. जुन्या गीताची नवी आवृत्ती पहिल्या मुद्रणाच्या वर्षानंतर ५ वर्षांनी, पूर्वसूचना व आगाऊ स्वामित्वधन देऊन काढता येते. परंतु स्वामित्वधन दर वर्षी किमान ५०,००० प्रतींसाठी भरावे लागते. विशिष्ट भाषेतील वा बोलीतील कृतींसाठी ही संख्या कमी करण्याची तरतूद आहे, तरीही तीनशे श्रोत्यांच्या गायकाला तिचा आधार घेणे अशक्यप्राय आहे. प्रतींची मोजणी हा कॅसेट व तबकडीचा हिशेब होता. इंटरनेटवरील श्रवणात प्रत नावाची वस्तूच स्पष्ट नाही. प्रक्षेपणासाठीचा वैधानिक परवाना देणाऱ्या कलम ३१घ बाबत मुंबई उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये आणि खंडपीठाने २०२२ मध्ये असा निर्णय दिला की इंटरनेटवरील प्रसारसेवांना ते लागू होत नाही. त्यामुळे आवडीचे चित्रपटगीत स्वतःच्या खोलीत मुद्रित करून स्वतःपुरते ठेवणाऱ्यास कलम ५२ मधील खासगी वापराचे संरक्षण मिळते. तेच गीत परवान्याशिवाय सार्वजनिक करणारा हौशी गायक प्रसारमंच आणि हक्कधारक कंपनी यांच्यातील करारावर विसंबून असतो, ज्या करारात तो पक्षकार नसतो.