जुलाबात मुलाचं खाणं तोडू नका

कन्हेरी-काटेवाडीच्या वाड्यावस्त्यांवरून जुलाबाचं मूल आणलं की मी आधी विचारतो, "कालपासून काय खाल्लं?" बहुतेक आया सांगतात, "काही नाही डॉक्टर, पोटाला आराम दिलाय. नुसतं साबुदाण्याचं पाणी." हा आराम लेकराला महागात पडतो. जुलाब चालू असतानाही आतडं बरंचसं अन्न शोषून घेतं, आणि त्याचं झिजलेलं अस्तर भरून यायला अन्नच लागतं. वर्षातून चार वेळा असे उपास घडले की वजन मागे पडतं, आणि अशक्त मुलाला जुलाब पुन्हा लवकर धरतात.

अंगावर पिणाऱ्या बाळाला जास्त वेळा पाजा. मोठ्याला मुगाची मऊ खिचडी, वर चमचाभर तूप. दहीभात, केळं, किंवा भाकरीचा पापुद्रा वरणात कुस्करून. थोडं थोडं, पण दर दोन-तीन तासांनी. बरं वाटल्यावर दोन आठवडे रोज एक जेवण जास्तीचं द्या.

सोबत जलसंजीवनी: मोठी पुडी पूर्ण एक लिटर पाण्यात. दोन वर्षांखालच्या मुलाला प्रत्येक जुलाबानंतर ५० ते १०० मिली, चमच्याने. खोक्यातला गोड रस म्हणजे जलसंजीवनी नव्हे. त्यातल्या साखरेने जुलाब वाढतात. सहा महिन्यांपुढच्या मुलाला झिंकची २० मिलिग्रॅमची गोळी रोज एक, १४ दिवस. जुलाब थांबले तरी मध्येच सोडू नका.

जुलाब महिनोन्‌महिने हटत नसतील, पोट फुगलेलं, हातपाय काड्या, उंची खुंटलेली, तर सीलिएक आजाराची शंका घ्यावी लागते. यात गहू आणि जवातलं ग्लूटेन आतड्याला इजा करतं. पण रक्ततपासणीआधी चपाती बंद करू नका, नाहीतर आजार असूनही तपासणीत दिसत नाही. निदान झालं की गहू आणि जव जन्मभर बंद. आपल्याकडे ज्वारी, बाजरी, तांदूळ घरातच आहेत, ही मोठी सोय. अडचण येते ती गिरणीत: गव्हाच्या मागोमाग ज्वारी दळली की पिठात गहू आलाच. म्हणून त्या मुलाचं दळण घरच्या घरघंटीवर वेगळं करा. बाजारच्या हिंगातही बहुधा गव्हाचं पीठ असतं. मुलाच्या फोडणीत तो नको.

शौचात रक्त, खोल गेलेले डोळे, सहा तास लघवी नाही, मूल गळून पडलेलं किंवा काहीच पीत नसलेलं, यातलं एक जरी दिसलं तरी घरी थांबू नका. बारामतीचं सिल्व्हर ज्युबिली उपजिल्हा रुग्णालय गाठा. मूल शुद्धीवर असेल आणि गिळत असेल, तर वाटेतही जलसंजीवनी चमच्याचमच्याने पाजत राहा.